कौसल्याकाकीचा उजवा पाय

कौसल्याकाकीनं आमच्या चाळीत मला सोडून सगळ्यांना लाथ मारलेली आहे. माझ्या वडिलांना मारली, आईला दोनदा मारली, आणि माझी बायको अनुजा लग्न होऊन आली तर महिन्याभरात तिलाही मारली. अनुजा उठून काकीच्या पाया पडली. एकदा मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराची कंबर आमच्या जिन्यात धरली, तर काकीनं त्यालाही कार्यकर्त्यांच्या देखत मारली. त्या लाथेवर मात्र चाळीत कुणाचं दुमत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे सगळं सांगावं लागतं. जे मूल डोक्याऐवजी पायांनी बाहेर येतं ते पायाळू. कमरेत उसण भरली, म्हणजे वाकलेला माणूस वाकलेलाच राहिला, की पायाळू माणसानं कमरेला पाय मारायचा आणि उसण पळायची, अशी आमच्या कोकणी लोकांची पक्की समजूत. काकी पायाळू. तिची पद्धत ठरलेली होती. पेशंटनं दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून पाठमोरं उभं राहायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. काकी साडीचा काठ वर खोचायची, डाव्या पायावर उभी राहायची आणि उजव्या पायानं तीनदा हाणायची. अशा तीन पाळ्या: बुधवारी, शनिवारी आणि पुन्हा बुधवारी. बदल्यात ती काही घेत नसे. लाथ खाल्ल्यावर तिथंच बसून चहा प्यायचा आणि दोन घटका गप्पा मारायच्या, एवढीच तिची अट.

मी प्रफुल्ल. लालबागच्या एका सेंटरात एक्स-रे टेक्निशियन आहे. चौतीस वर्षं लोकांची हाडं बघतोय, पण चाळीतल्या एकाही माणसानं मला हाडांबद्दल कधी काही विचारलं नाही. हाडांचं विचारायला काकी होती. मला विचारायचे ते, सेंटरात एसी आहे का आणि दुपारी येऊन बसलं तर चालेल का.

बुधवार ते बुधवार म्हणजे आठवडा झाला. दहातल्या नऊ उसणी आठवडाभरात आपल्या आपण जातात. हे मी काकीला तोंडावर सांगायचो. ती सुपारी कातरता कातरता म्हणायची, "मगे तू बुधवार ते बुधवार नुसतो बसान एक तरी बरो करून दाखय." मी बसून राहिलो असतो तर माझ्याकडे कोण आलं असतं?

कंबर म्हणून आपण जिथं हात लावतो तिथं आत काय आहे, ते एकदा सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पाठीचा कणा खाली येऊन एका त्रिकोणी हाडात संपतो. त्या हाडाच्या दोन्ही अंगांना सुपासारखी दोन मोठी हाडं येऊन बसतात. जिथं बसतात ते दोन सांधे. पाठीवर खाली दोन खळ्या दिसतात, त्यांच्या किंचित आत. गुडघा आणि कोपर हलण्यासाठी असतात, हा सांधा न हलण्यासाठी असतो. हलला तर दोन-तीन मिलिमीटर. आतून खडबडीत, एकमेकांत गुंतलेला, आणि मागून इतके जाड बंध आवळलेले की माणसाच्या अंगात त्याहून मजबूत बंध क्वचितच असतील. डोकं, हात, पोट, पोटातलं जेवण, सगळ्याचा भार कण्यातून इथं येतो आणि इथून दोन पायांत वाटला जातो. एका पायावर उभं राहिलं की सगळा भार एकाच बाजूनं उतरतो. एवढी हमाली करून बोलीभाषेत या सांध्याला साधं नाव नाही. आम्ही टेक्निशियन त्याला एसआय म्हणतो आणि आमची चाळ त्याला लाथ मारते.

काकीचा अंगठा मात्र नेमका त्या खळीशी लागायचा. तेवढं मी मान्य करतो.

काकी देवगडकडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन नायगावच्या बीडीडी चाळीत आली, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. काका मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. घरात राज्य सासूचं. ही बाई मजल्यावरच्या सगळ्यांना टाकून बोलायची, तर घरच्या सुनेचं काय होत असेल ते सांगायला नको. पहिले दोन महिने आम्ही काकीचा आवाजच ऐकला नव्हता. चाळीत पैज लागली होती, मुकी आहे की नाही यावर.

मग एके सकाळी नळावर हंडा उचलताना सासूला उसण भरली. ती हंड्यावर वाकली ती वाकलेलीच राहिली. तशीच तिला आडवी धरून बायकांनी दारापर्यंत आणली. "पायाळू कोण आसा काय गो?" कुणीतरी ओरडलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात आतून नवी सून पुढं झाली आणि म्हणाली, "मी आसंय."

मी जिन्याच्या कठड्यावर बसून बघत होतो. अशी लाथ मी त्यानंतर कुठं बघितली नाही. म्हातारी चौकटीवर आपटली. मग ती सावकाश सरळ झाली, वळली, सुनेकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गेली."

त्या दिवसापासून घरात काकीला नाव मिळालं. आधी ती नुसती "गो" होती. आता सासू लोकांना सांगायची, "आमची कौसल्या पायाळू आसा." पुढच्या खोलीतली मावशी आली, मग वरच्या मजल्यावरचे हवालदार आले, मग शिवडीहून गोदीतले हमाल येऊ लागले. पायाळूवर वीज पडते असंही लोक म्हणतात, म्हणून ढग गडगडले की बायका काकीला आत कोंडून बाहेरून कडी लावायच्या. काळजी काकीची नव्हती, गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांची होती.

असं अठ्ठेचाळीस वर्षं चाललं. सासू गेली, मिल गेली, काका गेले. शेवटी चाळही गेली आणि आम्हाला टॉवरात घरं मिळाली. काकी चौदाव्या मजल्यावर, मी अकराव्या. टॉवर चांगला आहे. आम्हाला बाथरूममध्ये चकचकीत टाइल्स मिळाल्या, दोन लिफ्ट मिळाल्या, त्यातली एक चालते. फक्त दारं बंद झाली. चाळीत दार लावलं की आतल्यांचं भांडण झालंय असं समजत, इथं दार उघडं राहिलं की वॉचमन चौकशीला येतो. आम्हाला मोठं घर हवं होतं, ते मिळालं. तक्रार करायला तोंड नाही.

काकीचा मुलगा रघु आणि त्याची बायको सकाळी आठला ऑफिसला जातात. रघुनं दाराला चिमणीसारखी चिवचिवणारी बेल बसवली. अठ्ठेचाळीस वर्षं काकीला बेल ठाऊक नव्हती, आता दिवसभर ती बेलीकडे कान लावून बसायला लागली. लिफ्टमध्ये भेटली की मला हिशेब द्यायची. "आज तीनदा वाजली रे प्रफुल्ल." मी विचारायचो, कोण कोण? तर एक कुरिअरवाला, एक गॅसवाला आणि एक उसण. लिफ्टमधून येणारी ती एक उसण तिच्या घरात अर्धा तास बसायची, चहा प्यायची, खालच्या मजल्यांवरच्या बातम्या सांगायची. मी आपला वरून हसायचो. ही बाई उसण भरायची वाट बघते, अशी थट्टा मी अनुजाजवळ केलेली आहे. आज ते आठवून माझी मलाच शरम वाटते.

मे महिन्यात सातव्या मजल्यावरचा मयूर मला पार्किंगमध्ये भेटला. जिममध्ये वजनं उचलून त्यानं कंबर घालवली होती. म्हणाला, "काका, काकीचा नेटवर्क वीक झालाय यार. तीन लाथा खाल्ल्या, कनेक्टच नाय झाला. आणि आता ती डाव्या पायाने मारते. रॉंग साइड."

"डाव्या पायानं?"

"हां ना. मारून झाल्यावर शू रॅक पकडून उभी होती दोन मिनिट. घामाघूम. मला बोलली, गर्मी आहे. एसी सोळावर होता."

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम चौदाव्यावर लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो. काकी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आली. डावा पाय टेकला की अंग डावीकडे झुकायचं, आणि तो पाय टेकतो न टेकतो तोच उजवा घाईनं पुढं यायचा. ही चाल मला पाठ आहे. टेबलाकडे येणाऱ्या माणसाचा फोटो काढायच्या आधीच मी फोटोत काय येणार ते सांगू शकतो.

"काकी, कधी पडलीस?"

"पडतली तुझी सासू."

"माझी सासू गेली त्याला सहा वर्षं झाली. कधी पडलीस?"

तिनं बोळात दोन्हीकडे बघितलं. एकही दार उघडं नव्हतं, तरी आवाज खाली आणला. "सात आठवडे झाले. न्हाणीयेत. तुमच्या त्या टायली मेल्या. डाव्या कुल्ल्यार बसलंय ती धप्पकन."

"आणि रघुला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? पायाळूच्या कमरेत उसण भरली म्हणान सांगू? लोका हसतली माका."

पडल्यानंतर तीन आठवडे ती त्याच डाव्या पायावर उभी राहून लाथा मारत होती. पुढं तो पाय भार घेईना, म्हणून तिनं पाय बदलला. हे ऐकून माझा इतका संताप झाला की मी तिथंच बोळात तिच्यावर ओरडलो. अख्ख्या जन्मात तिच्यावर ओरडायची ती पहिलीच वेळ. शेवटी ती म्हणाली, येतंय, पण कोणाक सांगू नको. लालबागला मसाला करायला जातेय असं रघुला सांगायचं ठरलं. मे महिना होता, ते कुणालाही पटलं असतं.

शनिवारी दुपारी टॅक्सीनं आम्ही सेंटरात आलो. गोष्ट खरी वाटावी म्हणून काकीनं बेडगी मिरच्यांची दोन किलोची पिशवी बरोबर घेतली होती आणि ती हातातून सोडायला तयार नव्हती. आमच्या एक्स-रेच्या खोलीत त्या दिवशी प्रत्येक पेशंट शिंकत होता.

पहिला फोटो झोपवून काढला. समोर, जांघेपाशी, डाव्या हाडात एक जुनी चीर. आमच्या डॉक्टर रुचा माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण फोटो वाचण्यात पक्क्या. त्या म्हणाल्या, "काका, पुढे तुटलंय म्हणजे मागेही काहीतरी असणार. एका पायावर उभं करून बघू या का? नीट धरून."

मी काकीला समजावलं. कमरेची हाडं मिळून एक बांगडी होते. काचेची बांगडी कधी एकाच जागी फुटत नाही, दुसरीकडे कुठंतरी फुटलेली असतेच. ते दुसरं ठिकाण शोधायचंय.

"बांगड्यांचा माका सांगू नको," काकी म्हणाली. "तुझे काका गेले तेव्हा फोडलेल्या माझ्या. बघलंय मी. दोन तुकडे तरी होतत."

मी मशीन सरकवत राहिलो. अशा वेळी टेक्निशियनला मशीन सरकवता येतं, एवढं एक बरं आहे.

एका पायावर उभं करून काढलेल्या फोटोला आम्ही फ्लेमिंगो म्हणतो. शिवडीच्या चिखलात थंडीत ते गुलाबी पक्षी येतात ना, एका पायावर उभे राहणारे, त्यांच्यावरून. काकीला मी सांगायला लागलो, कसं उभं राहायचं ते. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एका पायार उभी ऱ्हवाक तू माका शिकवतंस?"

बाजूच्या दांड्या धरून ती आधी उजव्या पायावर उभी राहिली. ठीक. मग डाव्यावर. सवयीनं तिनं साडीचा काठ खोचला आणि उजवा पाय मागं घेतला, आता समोर कुणाची तरी कंबर आहे अशी. काचेमागून मी "श्वास रोख" म्हटलं आणि बटण दाबलं. तेवढ्यात तिचा चेहरा पांढरा पडला आणि दांडीवरचे हात सुटले. मी कसा धावलो ते मला आठवत नाही. ती जमिनीवर आपटायच्या आत मी तिला धरली, अर्धवट वाकून, तिच्या वजनासकट, आणि माझ्या कमरेत काहीतरी कट्कन झालं. मिरच्या सगळ्या खोलीभर पसरल्या.

फोटो मात्र निघाला होता. डॉक्टर तो वाचत होत्या तोवर काकीला स्ट्रेचरवर झोपवलं. मी कंबर धरून शेजारी स्टुलावर टेकलो होतो. काकी छताकडे बघत म्हणाली, "प्रफुल्ल, एक सांगतंय. कोणाक सांगशीत तर बघ. मी पायाळू नाय."

मला वाटलं दुखण्यानं बरळतेय.

"डोक्यानच इलंय मी, सगळ्यांसारखी. सासू माका दोन म्हयने रोज तोंडान लाथाडी. त्या दिवशी बघलंय तर ती वाकान उभी, आणि लोका इचारतत, पायाळू कोण आसा. म्हटलंय, देवान इतक्या जवळ आणून दिल्यान, एक मारून घेवया."

"आणि?"

"आणि काय? ती बरी झाली मेली! मी अडाकलंय."

मी हसायला लागलो, पण हसताना कमरेतून अशी कळ आली की ते अर्ध्यावरच राहिलं. अठ्ठेचाळीस वर्षं मी ज्या अंधश्रद्धेशी भांडत होतो तिच्यावर खुद्द काकीचाही विश्वास नव्हता. अख्ख्या मजल्यावर आम्ही दोघंच विवेकवादी निघालो, आणि त्यातली एक लाथा मारत होती.

डॉक्टर रुचा फोटो घेऊन आल्या. डाव्या पायावर भार पडला की पुढचं डावं हाड उजव्यापेक्षा सेंटिमीटरभर वर चढत होतं, आणि मागे तो न हलणारा सांधा उघडलेला दिसत होता. त्या नीट, सावकाश बोलल्या. हाडांच्या सर्जनना दाखवावं लागेल, बहुतेक स्क्रू घालावा लागेल, तीन महिने डावा पाय टेकायचा नाही. पहिल्याच दिवशी आल्या असत्या तर कदाचित अंथरुणावर आणि वॉकरवर भागलं असतं. "आणि आजी, एका पायावर उभं राहणं आता विसरायचं. कायमचं."

काकीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मगे बेल कोण वाजवतलो?"

डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं होतं, आणि मला तिथं, माझ्या कामाच्या जागी, रडू आलं. स्क्रूची तिला भीती नव्हती. चौदाव्या मजल्यावर बंद दाराआड दिवसभर पडून राहायचं आणि बेल वाजायची नाही, याची तिला भीती होती. मिरच्यांमुळे डोळ्यांत पाणी आलं असं मी डॉक्टरांना सांगितलं.

मी रघुला फोन केला. तो ऑफिसातून धावत आला आणि संध्याकाळी आम्ही काकीला व्हीलचेअरवरून टॉवरात आणली. खाली लिफ्टपाशी निम्मी बिल्डिंग जमली होती. चाळीत बातमी गॅलरीतून जायची, इथं ग्रुपवर जाते, एवढाच विकास झालाय. मयूर सगळ्यांच्या पुढं होता. "काका, काय झालं? काकीच्याच कमरेत? म्हणजे पावर संपली काय तिची?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच. चौतीस वर्षं ज्या प्रश्नाची मी वाट बघत होतो तो प्रश्न, आणि हातात फोटोचं पाकीट. या प्रसंगासाठी माझं भाषण केव्हाचं तयार होतं. उसण म्हणजे काय, आठवडाभरात ती का जाते, पायाळू वगैरे कसं थोतांड आहे, सगळं मुद्देसूद. मी तोंड उघडलं. काकी मांडीवरची मिरच्यांची पिशवी घट्ट धरून माझ्याकडे बघत होती.

"तिची पावर संपेल कशी?" मी म्हणालो. "तुमच्या सगळ्यांच्या उसणी गेल्या कुठं असं वाटलं तुम्हाला? अठ्ठेचाळीस वर्षं एकेक करून तिनं स्वतःच्या कमरेत घेतल्या. हे बघा, फोटोतच आलंय." आणि मी पाकिटातून फिल्म काढून लिफ्टच्या दिव्यासमोर धरली. डावा सांधा, उघडलेला. "शेवटी सांधा भरला आणि फुटला."

मयूरनं हळूच स्वतःच्या कमरेला हात लावला. मागून एका मावशींनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "माझी तर तिनं चार वेळा घेतली." रघु माझ्याकडे असा बघत होता, जणू मला वेड लागलंय. काकीनं डोळे मिटून घेतले होते, पण तिचे खांदे हलत होते. ती हसत होती हे फक्त मला दिसत होतं.

विज्ञानाचं नाव घेऊन इतकं खोटं कुणी बोललं नसेल. पण एकदा सुटलो म्हटल्यावर मी तिथंच नियमही जाहीर केले. आता काकी उभी राहून मारणार नाही, झोपून पाय लावेल. झोपून जास्त गुण येतो. आणि पडून किंवा आपटून कंबर दुखत असेल, तर आधी फोटो काढून यायचं, मग पाय. काकीचा हुकूम आहे. डोळे न उघडता काकी म्हणाली, "व्हय."

काकीचं ऑपरेशन झालं, दोन स्क्रू बसले. घरी आणल्यापासून तिचा पलंग हॉलमध्ये आहे आणि ती चिमणी दिवसभर चिवचिवते. ज्यांच्या उसणी तिनं अंगावर घेतल्या ते सगळे कर्ज फेडायला येतात. कुणी फणसाची भाजी आणतं, कुणी नुसतंच येऊन बसतं. चाळीत पंधरा वर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन शेजारी तिथं एका सोफ्यावर भेटले आणि काकीनं सगळ्यात जास्त उसणी कुणाच्या घेतल्या यावरून भांडले. फिल्म रघुच्या बायकोनं खिडकीला लावली आहे, उजेडात नीट दिसावी म्हणून. तिला कुणीतरी कुंकू लावलं. रिपोर्ट न्यायला आलेल्या रघुनं हे डॉक्टर रुचांना सांगितलं, तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांचं बरोबर आहे. एवढं मात्र सांगतो, काकीच्या हुकमानं फोटो काढायला आलेल्यांत नवव्या मजल्यावरच्या एक बाई होत्या. जिन्यात पाय घसरून बुडावर आपटल्या होत्या. त्यांची चीर पाचव्या दिवशी सापडली, सहा आठवड्यांत त्या चालायला लागल्या. चौतीस वर्षं खरं बोलून मला एवढं जमलं नव्हतं.

राहिली माझी कंबर. ही गोष्ट त्या पहिल्याच महिन्यातली. काकीला धरताना जी गेली ती गेलीच. मी स्वतःचा फोटो काढला, त्यात काही नाही. पट्टा लावला, शेकलं, मलम चोळलं. आठवडाभरात जायला हवी होती. तीन आठवडे झाले तरी गेली नाही, नियम माझाच आणि मीच अपवाद. मी काटकोनात वाकून घरभर फिरत होतो. शेवटी अनुजानं ताट वाढायचं थांबवलं. "आधी चौदाव्यावर जाऊन या."

बुधवारी दुपारी गेलो. काकी एकटीच होती. मी दार ओढून घेतलं, तिच्या पलंगाला पाठ लावून जमिनीवर बसलो आणि शर्ट वर केला.

"इतकी वर्षां नाय इलंस तो," काकी म्हणाली. "आणि आता सगळा म्हायत आसताना इलंस?"

"तू मार गं."

"मी पायाळू नाय."

"ठाऊक आहे."

"सासूक पण म्हायत होता," ती म्हणाली.

मी वळायला गेलो, पण कंबर वळेना.

"माझ्या जन्माची सुईण तिच्या म्हायेरची. लग्नातच भेटलेल्या दोघी. मरताना सांगल्यान माका. म्हणाली, उसण खय गेलेली, चार दिवस दुखा होती माझी कंबर. पण तू दोन म्हयन्यांत पयल्यांदा त्वांड उघडलंस. मी गेली नाय म्हटला असता तर परत उघडला असतंस काय?"

मी चौकटीवर आपटलेल्या त्या म्हातारीचा चेहरा आठवत होतो. सुनेकडे बराच वेळ बघत राहिली होती आणि मग "गेली" म्हणाली होती. नऊ वर्षांच्या मला वाटलं होतं, ती चमत्कारानं थक्क झालीय.

"नीट बस," काकी म्हणाली. तिचा उजवा पाय माझ्या पाठीवरून चाचपत खाली आला, अंगठा बरोबर त्या खळीशी थांबला आणि तिनं पडल्यापडल्या जेवढी बसेल तेवढी लाथ मारली. मग दुसरी मारली. तिसरीला तिनं पाय मागं घेतला आणि बेल चिवचिवली.

मी पलंगाच्या कडेला धरून दार उघडायला उठू लागलो. तिनं तोच पाय माझ्या खांद्यावर ठेवून मला खाली दाबलं.

"बस रे," ती म्हणाली. "वाजांदे आणखी एकदा."